होल मारण्याआधी: बेडरूममधला एसी फेंगशुईप्रमाणे कुठे बसवावा

“ताई, होल कुठे मारू?”

एसी बसवायला आलेला मुलगा हे विचारतो तेव्हा ड्रिलची वायर प्लगमध्ये गेलेली असते, खोकी हॉलभर पसरलेली असतात आणि त्याला दुपारच्या आत मानपाड्याला आणखी एक एसी लावायचा असतो. आपण घाईत म्हणून जातो, “बिल्डरने पॉइंट दिलाय ना, तिथेच लावा.” पाच मिनिटांत ठरलेल्या त्या जागेखाली पुढची आठ-दहा वर्षं झोपायचं असतं.

ठाण्यातल्या ढोकाळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेच झालं. पॉइंट उशाकडच्या भिंतीवर होता, एसी तिथेच लागला. खोली लवकर गार व्हावी म्हणून आम्ही त्याच्या तोंडावरच्या, वारा वळवणाऱ्या पट्ट्या खाली वळवून ठेवायचो. त्या खोलीत सासूबाई झोपायच्या. पहिल्या उन्हाळ्यात त्या डोक्याला रुमाल बांधून झोपायला लागल्या. आम्हाला वाटलं, वय झालंय, थंडी वाजत असेल. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी आपली उशी उचलली आणि हॉलमधल्या दिवाणावर मुक्काम हलवला. गार खोली रिकामी, आणि जिच्यासाठी एसी घेतला ती बाई पंख्याखाली. तेव्हा मी फेंगशुई वाचायला घेतलं, टेप आणि कंपास घेऊन खोली मोजली आणि एसी बाजूच्या भिंतीवर हलवला. जुनं भोक बुजवलं, पाइप वाढवला, गॅस पुन्हा भरावा लागला. आठवड्याभरात सासूबाई आपल्या खोलीत परतल्या. तेव्हापासून घोडबंदर रोडला किंवा खारघर-उलव्याला कुणी नातेवाईक नवीन घर घेतो, तेव्हा एसीच्या आधी मला बोलावतो. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

झोत आणि झुळूक

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. एसी हे यंत्र या दोन्हींचं काम करतं. खोलीत वारा फेकतं आणि हवेतलं पाणी ओढून नळीवाटे बाहेर सोडतं. ठाण्यात जुलै महिन्यात त्या नळीखाली बादली ठेवून पाहा, रात्रभरात किती भरते ते कळेल. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे तंत्र उभं केलं, तेसुद्धा हवेतला दमटपणा आवरण्यासाठी; दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाई सरकायची. म्हणून फेंगशुईच्या नजरेने पाहताना एसीला टीव्ही किंवा ट्यूबलाइटच्या रांगेत बसवू नका. खोलीतला वारा आणि पाणी दोन्ही त्याच्या हातात आहेत.

फेंगशुईत ‘ची’ म्हणजे घरात वाहणारी जीवनऊर्जा. गुओ पू (२७६–३२४) या चिनी पंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात सांगितलंय की ची वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते आणि पाण्याची हद्द लागली की थांबते. तो ग्रंथ दफनाच्या जागा निवडण्याविषयी आहे, पण पुढे घरं पाहतानाही हाच नियम लावला गेला. ची हळू, वळणं घेत फिरली की माणसाला पोसते; सरळ रेषेत वेगाने आली की तिला ‘शा ची’ म्हणजे मारक ऊर्जा म्हणतात.

मराठीत यासाठी दोन शब्द आधीपासून आहेत. झुळूक आणि झोत. उपवन तलावाच्या काठावर संध्याकाळी अंगावरून जाते ती झुळूक. एसीच्या तोंडातून निघतो तो झोत. “अंगावर वारा घेऊन झोपू नकोस” असं आजी सांगायची, ते याच झोताबद्दल. एसीची जागा निवडायची म्हणजे झोत पलंगापर्यंत पोचेस्तोवर त्याची झुळूक होईल अशी जागा शोधायची. दिशा, तत्त्वं, रंग हे सगळं त्यानंतर.

पायरी १: आधी पलंग ठरवा

नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. एसी आधी लागतो आणि पलंग मागाहून येतो. क्रम उलटा करा. फर्निचर यायचं असलं तरी चालेल. क्वीन साइज पलंग साधारण ५ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो, तेवढे वर्तमानपत्राचे कागद जमिनीवर अंथरा आणि चिकटपट्टीने कडा आखा.

पलंगाची जागा फेंगशुईत अशी शोधतात: झोपलेल्या माणसाला दार दिसावं, पण दाराच्या थेट समोर पलंग नसावा. पाय सरळ दाराकडे करून झोपणं वर्ज्य मानतात. उशाकडे भक्कम भिंत हवी, खिडकी नको. डोक्यावरून बीम जाऊ नये. उशाच्या भिंतीपलीकडे संडास-बाथरूम नसलेलं बरं.

आता आपल्याकडच्या खोल्यांचं वास्तव. कासारवडवली असो की घणसोली, वन बीएचकेमधलं बेडरूम साधारण १० बाय १० किंवा १० बाय ११ फुटांचं असतं. त्यात एका भिंतीला खिडकी, एकीला दार आणि बाथरूमचं दार, उरलेल्या दोन भिंतींपैकी एकीला कपाट. सगळे नियम एकत्र पाळता येतील अशी खोली मला फार कमी वेळा मिळाली आहे. मी दोन नियम सोडत नाही: डोक्यावर बीम नको आणि पाय दाराच्या रेषेत नकोत. बाकीच्यांत तडजोड करते.

उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही हा आपल्या घराघरातला नियम फेंगशुईचा नाही, तो आपल्या परंपरेतला आहे. घरातल्या मोठ्यांना तो पाळायचा असेल तर जरूर पाळा. मनात खटकत असताना शांत झोप लागत नाही.

पायरी २: चारही भिंतींकडे एकेक करून पाहा

आधी एसीचा वारा कसा चालतो ते समजून घ्या. पट्ट्या आडव्या ठेवल्या तर गार हवा छताला चिकटून पुढे जाते, समोरच्या भिंतीवर आदळते आणि तिथून खाली उतरते. गार हवा जड असते, त्यामुळे वेग कमी होताच ती बसते. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

उशाची भिंत. बहुतेक बिल्डर पॉइंट इथे देतात, कारण पाइप आत लपवायला सोपं पडतं. फेंगशुईत ही सर्वांत वाईट जागा. डोक्यावर वजनदार, घरघरणारी वस्तू टांगलेली असणं म्हणजे बीमखाली झोपण्यासारखंच. खरं सांगायचं तर पट्ट्या आडव्या असतील तर झोत इथे डोक्यावर पडत नाही, तो पायांकडे निघून जातो. तरीही मी ही जागा नाकारते. नळी तुंबली की पाणी थेट उशीवर टपकतं. फिल्टर काढताना धूळ गादीवर सांडते. सर्व्हिसिंगला आलेला माणूस पलंगावर पाय देऊन उभा राहतो. आणि कुणी ना कुणी कधीतरी पट्ट्या खाली वळवतंच, जसं आम्ही केलं.

पायथ्याची भिंत. ही बऱ्याच जणांना सुरक्षित वाटते, कारण एसी डोक्यापासून लांब असतो. पण १० फुटांच्या खोलीत पायथ्याकडून निघालेला वारा छतावरून सरळ उशाच्या भिंतीपर्यंत पोचतो आणि तिच्यावरून घसरत उशीवर उतरतो. खाली वळवला तर तोच झोत अंगभर लांबीने फिरतो. फेंगशुईत याला सरळ रेषेत रोखलेला बाण म्हणतात. खोली १३-१४ फूट लांब असेल, किंवा एसी पलंगाच्या रेषेतून सरकवून कोपऱ्याकडे घेता येत असेल, तर ही भिंत चालेल. छोट्या खोलीत नको.

बाजूच्या भिंती. माझं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. पलंगाच्या डाव्या किंवा उजव्या भिंतीवर, आणि तेही मध्यावर नाही, पायांकडच्या अर्ध्या भागात. १ टनाचं इनडोअर युनिट साधारण पावणेतीन ते तीन फूट रुंद असतं. उशाच्या भिंतीपासून ६ फूट मोजून तिथून पुढे ते बसवलं, तर वारा पायांपलीकडच्या मोकळ्या जागेवरून आडवा जातो, समोरच्या भिंतीला लागतो, वळतो आणि मंदावून पलंगापर्यंत येतो. झोताची झुळूक झाली. १० बाय ११ च्या खोलीत ११ फुटांची भिंत बाजूला आली तर हे अगदी नीट जमतं.

खिडकीच्या वरची जागा वाईट नाही. पाइप लहान लागतो, आउटडोअर लगेच बाहेर मिळतं. फक्त पडदा पूर्ण लांबीचा असेल तर तो वाऱ्याने फडफडत राहतो आणि खिडकी पलंगाच्या बाजूला आहे की समोर यावर वरचेच नियम लागू होतात. दाराच्या वर शक्यतो टाळा. दारातून ची आत येते, आणि तिच्या डोक्यावरच वारा सोडणं फेंगशुईत बसत नाही. दार उघडलं की गारवा पॅसेजमध्ये जातो हा व्यवहारातला तोटा वेगळा.

कुठल्याही भिंतीवर समोर बीम आहे का ते पाहा. छताला चिकटून जाणारा वारा बीमवर आदळतो आणि तिथेच खाली कोसळतो. फॉल्स सीलिंगची खाली उतरवलेली कडही हेच करते. बीमखाली पलंग नको या नियमाला हे आणखी एक कारण.

उंची जमिनीपासून ७ ते ८ फूट ठेवा. छत आणि युनिट यांमध्ये साधारण ६ इंच हवेत, कारण एसी हवा वरून आत ओढतो. ती फट नसेल तर यंत्र गुदमरतं. कपाटाच्या डोक्यावर कोंबलेला एसी मी अनेक घरांत पाहिला आहे. दिसायला आटोपशीर, पण कपाटावर ठेवलेल्या बॅगांवर वारा आपटतो आणि खोली काही गार होत नाही.

पायरी ३: उदबत्तीने वारा पाहा

वारा दिसत नाही, म्हणून चर्चा वाढत जाते. उदबत्तीने तो दिसतो.

ड्रिल करण्याआधी ठरवलेल्या जागेजवळ घडीची शिडी किंवा उंच स्टूल लावा आणि त्यावर टेबल फॅन नीट बांधून ठेवा, एसीचं तोंड जिकडे असेल तिकडे. पलंगाच्या आखलेल्या जागेत उशी येईल तिथे बशीत उदबत्ती ठेवा. खोलीतला सीलिंग फॅन बंद, खिडकी बंद. धूर सरळ वर जाऊन मग हलके वाकत असेल तर ठीक. बुडापासूनच आडवा पळत असेल तर त्या उशीवर रात्रभर झोत येणार. एसीची गार हवा फॅनच्या हवेपेक्षा लवकर खाली बसते हे लक्षात ठेवून अंदाज थोडा कडक धरा. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर उदबत्तीऐवजी टिश्यू पेपरची बारीक पट्टी दोऱ्याला बांधून धरा.

एसी लागल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या. पाइप जोडणं, गॅस सोडणं हे सगळं पूर्ण होऊन एसी नीट चालू झाल्यावरच उदबत्ती पेटवा, आधी नाही. नव्या एसींमध्ये आर-३२ हा गॅस असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. पंधरा मिनिटं एसी चालू द्या, स्विंग (पट्ट्या आपोआप वर-खाली होणं) बंद ठेवा, मग उशी, छाती आणि पाय या तीन ठिकाणी धूर बघा. पट्ट्या एकेक खाच वर-खाली करा. ज्या खाचेला उशीवरचा धूर शांत होतो, ती लक्षात ठेवा.

पायरी ४: आता दिशा

नवखे लोक इथूनच सुरुवात करतात. मी शेवटी आणते, कारण वाऱ्याने नाकारलेली जागा दिशा चांगली असली तरी मी घेत नाही. दोन जागा वाऱ्याच्या परीक्षेत उतरल्या, तर त्यांतली एक निवडायला दिशा वापरायची.

मोबाइलमधला कंपास घेऊन खोलीच्या मध्यभागी उभे राहा. ग्रिल, लोखंडी कपाट, भिंतीतल्या सळया यांच्याजवळ काटा चुकतो, म्हणून तीन वेळा, थोडं सरकून मोजा. आठ दिशांना प्रत्येकी ४५ अंश. वायव्य म्हणजे २९२.५ ते ३३७.५ अंशांच्या मधला भाग. खोलीच्या मध्यापासून युनिट ज्या भागात येतं ती एसीची दिशा. वारा कुठल्या दिशेला वाहतो ते इथे मोजत नाहीत. हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो.

फेंगशुईची पाच तत्त्वं लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. एसीला बहुतेक जण धातूत धरतात. पश्चिम आणि वायव्य या धातूच्याच दिशा, त्यामुळे तिथे तो आपल्या घरी असतो. उत्तर पाण्याची, धातूतून पाणी जन्मतं असं मानतात, म्हणून तीही चालते. ईशान्य आणि नैर्ऋत्य मातीच्या, माती धातूला जन्म देते, तिथे अडचण नाही. मात्र नैर्ऋत्य नवरा-बायकोच्या नात्याची जागा मानली जाते, म्हणून काही जण तिथे सतत आवाज करणारं यंत्र नको म्हणतात. पूर्व आणि आग्नेय लाकडाच्या. धातू लाकूड कापतो, त्यामुळे या टाळायच्या. दक्षिण अग्नीची, अग्नी धातूला वितळवतो, तीही शेवटच्या पसंतीची.

इथे एक मोठी गल्लत होते. आपल्या वास्तुशास्त्रात आग्नेय ही अग्नीची दिशा, म्हणून विजेची उपकरणं तिथे ठेवा असं सांगतात. फेंगशुईत तीच दिशा लाकडाची, आणि तिथे एसी नको. एकाच घरात काकू वास्तूचं सांगतात, मैत्रीण फेंगशुईचं सांगते आणि गृहिणी मधल्या मध्ये रडकुंडीला येते. दोन्ही एकत्र कालवू नका. ज्यांना दोन्ही सांभाळायचंच आहे त्यांच्यासाठी एक दिशा अशी आहे जिथे भांडण नाही: वायव्य. वास्तूत ती वायूची, नावातच वायू आहे, आणि फेंगशुईत धातूची. खोलीचा वायव्य भाग वाऱ्याच्या परीक्षेत उतरत असेल तर बिनधास्त तिथेच लावा.

फेंगशुईच्या एका शाखेत दरवर्षी जागा बदलणारे तारे मानतात आणि ‘पाच पिवळा’ हा तारा ज्या दिशेला असेल तिथे त्या वर्षी ठोकाठोक टाळतात. २०२५ मध्ये तो ईशान्येला होता, २०२६ मध्ये दक्षिणेला. हे फेंगशुईचं वर्ष साधारण ४ फेब्रुवारीला बदलतं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी तेवढं पाहावं. मात्र मे महिन्यात तान्ह्या बाळाला उकाड्यात ठेवून तारा हलायची वाट कुणी पाहू नये.

पायरी ५: पाणी कुठे जाणार

शुईचा हा भाग. घरात गळणारं पाणी म्हणजे गळणारी लक्ष्मी असं फेंगशुई मानतं, आणि गळणाऱ्या एसीने भिंतीला आलेली ओल पाहिली की ते पटतं.

पाण्याच्या नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा. मध्ये कुठेही ती वर चढली की पाणी अडतं आणि इनडोअरमधून खोलीत ठिबकतं. म्हणून जागा निवडताना पॉइंटपेक्षा निचरा कुठे आहे ते आधी बघा. बाजूच्या भिंतीवर एसी घेतलात आणि बाहेरची भिंत तिथून ९ फुटांवर असेल, तर नळी तेवढं अंतर उतरत गेली पाहिजे. इनडोअर युनिटचं होलही बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं मारून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. नळी ड्राय बाल्कनीच्या जाळीत किंवा इमारतीच्या एसी ड्रेनलाइनमध्ये सोडा. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी टपकत असेल, तर घरात कितीही शुभ दिशा साधली तरी शेजार बिघडला.

एसीबरोबर येणारा तांब्याचा पाइप बहुधा ३ मीटरचा असतो, त्यापुढे प्रत्येक मीटरचे वेगळे पैसे लागतात. बाजूच्या भिंतीसाठी थोडा जास्त पाइप लागेल. तो खर्च करा. रोजच्या झोपेपुढे तो फार नाही.

घोडबंदर रोडवरच्या आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीचं बांधकाम आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. त्या नुसत्या आडोशाच्या भिंती नसतात, इमारतीचं वजन पेलतात. तिथे पाइप लपवण्यासाठी झिरी मारू नका आणि नवं होल सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, कोअर कटिंग मशीननेच मारून घ्या. पाइप भिंतीवरून पांढऱ्या केसिंगमधून नेला तरी दिसायला बरा दिसतो. सिडकोच्या जुन्या विटांच्या इमारतींत हे सोपं असतं, पण तिथे आउटडोअर कुठे टांगायचं हा प्रश्न येतो.

आउटडोअरची गरम हवा शेजारच्या खिडकीवर सोडू नका. वाशी-नेरूळच्या काही सेक्टरांत इमारती इतक्या जवळ आहेत की एकाचं आउटडोअर दुसऱ्याच्या उशापाशी घरघरतं. फेंगशुईत दुसऱ्याच्या घरावर रोखलेल्या गोष्टीला विषारी बाण म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन आणि पावसाळ्याची झड दोन्ही येतात, म्हणून जमेल तर सावलीची बाजू घ्या. खाडीजवळ राहत असाल, म्हणजे ऐरोली, सीवूड्स, कोलशेत, तर खारट हवेने कॉइल लवकर गंजते. गंजरोधक लेप असलेलं युनिट मागा. कबुतरांसाठी जाळी लावायची असेल तर हवा अडणार नाही इतकी मोकळी ठेवा. आउटडोअरखाली घरटं झालं की दुर्गंधी खिडकीतून आत येते, आणि सर्व्हिसिंगला येणारा माणूसही हात लावायला कचरतो.

विजेचं एका वाक्यात: स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी (जादा वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच), आणि दोन-तीन एसी लावणार असाल तर महावितरणच्या बिलावर छापलेला मंजूर भार आधी पाहा.

भाड्याचं घर, किंवा एसी आधीच चुकीच्या जागी

११ महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस भिंतीला होल मारू शकत नाही. त्याने पलंग हलवावा. एसी उशावर असेल तर उशी पायथ्याला घ्या, म्हणजे डोकं दुसऱ्या टोकाला. तिकडे भिंतीचा आधार नसेल तर जाड हेडबोर्ड किंवा कमी उंचीचं कपाट मागे लावा. त्यानंतर पट्ट्या पूर्ण आडव्या करून उदबत्तीची परीक्षा घ्या, कारण आता उशाची नवी भिंत झोताच्या समोर आली आहे.

पलंगही हलत नसेल तर एसी डिफ्लेक्टर, म्हणजे युनिटखाली लावायची प्लास्टिकची पाटी, झोत वर वळवते. बाजारात सहज मिळते. आणखी एक जुना उपाय मला मनापासून आवडतो: मच्छरदाणी. तलावपाळीच्या आसपास किंवा खारघरच्या डोंगराखाली राहणाऱ्यांना ती तशीही लागते. जाळीतून झोत आत येताना मोडतो, आणि फेंगशुईत पलंगाभोवतीचं असं आवरण आधार देणारं मानतात. सासूबाई एसी हलवल्यानंतरही मच्छरदाणी लावूनच झोपत.

एसीखाली लाल रिबीन, स्फटिक, घंट्या टांगायला सांगणारे खूप भेटतील. श्रद्धेने टांगलंत तर माझी हरकत नाही, पण उशीवर येणारा झोत त्याने हलत नाही. आधी झोत हलवा.

तापमानाचंही इथेच सांगते. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार रेटिंगचे रूम एसी सुरुवातीला २४ अंशांवरच चालू व्हावेत असा नियम आहे. ते १८ वर नेऊ नका. फेंगशुईच्या भाषेत अति गारवा म्हणजे यिन, म्हणजे थंड आणि निश्चल बाजू, वाढणं. बेडरूम शांत असावं, गोठलेलं नाही. २६ अंश आणि सीलिंग फॅन एकवर, हा माझ्या घरातला मुक्काम आहे. पंखा झोताला खोलीभर पसरवतो, त्यामुळे झुळूक मिळते आणि बिलही उतरतं.

आजूबाजूला काय असावं

एसीसमोर मोठा आरसा नको. पलंग दिसेल असा आरसा तर बेडरूममध्ये कुठेच नको. बेडरूममध्ये देव्हारा ठेवावा लागत असेल तर तो एसीखाली घेऊ नका, समईची ज्योत वाऱ्याने विझते आणि ठिबकलं तर देवांवर पाणी पडतं. बाळाचा पाळणा झोताच्या वाटेत येत नाही ना हे पाळण्यातल्या उशीच्या उंचीवर हात धरून पाहा, आपल्या उभ्या उंचीवरून अंदाज बांधू नका.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. रात्रभर बंद असलेल्या खोलीतली ची शिळी होते. सकाळी एसी बंद केल्यावर खिडकी आणि दार पंधरा-वीस मिनिटं उघडा. येऊरच्या बाजूची खिडकी असेल तर फारच छान. बांधकामाजवळ राहत असाल तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. धुळीने भरलेला फिल्टर वारा अडवतो, मग आपण एसीचा वेग वाढवतो आणि परत झोत सुरू होतो.

पहिली रात्र

फिटिंगवाल्याला लगेच जाऊ देऊ नका. एसी वीस मिनिटं चालवून नळीतून बाहेर पाणी येतंय का, इनडोअरच्या कडेला थेंब जमतोय का, होलभोवतीची फट पुट्टीने बंद केली का, हे तो समोर असताना बघा. मग पलंगावर ज्या जागी झोपणार तिथे खरंच आडवे व्हा, तो उभा असला तरी. उशीला गाल टेकवा, पाच मिनिटं डोळे मिटा. कपाळावर गार रेघ जाणवली तर त्याला पट्टी एक खाच वर करायला सांगा आणि पुन्हा पडून पाहा.

रात्री घरातल्या ज्या माणसाला सर्वांत आधी थंडी वाजते त्याला एसीपासून लांबच्या कुशीला झोपवा आणि सकाळी विचारा, मान आखडली का, घसा कोरडा पडला का, पहाटे चादर ओढावी लागली का. उत्तर हो असेल तर पट्ट्या, तापमान, पंखा या क्रमाने एकेक गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाला दोन रात्री द्या. पहिला जोराचा पाऊस झाला की होलच्या आतल्या बाजूने भिंतीवर हात फिरवा. ओल लागली तर तेव्हाच बाहेरून सिलिकॉन भरून घ्या, गणपतीत पाहुणे येईपर्यंत थांबू नका.